पाटाच्या पाण्यावरचं तापचान

आमचे हे सात महिने खोलीबाहेर आले नव्हते.

हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. अल्लाहने जीव राखला, महिन्याभरात वाचाही परत दिली, पण डावा पाय ओढत राहिला आणि तोंड जरासं एका बाजूला गेलं. जरासंच. मला तर ते दिसेनासंही झालं होतं. त्यांना मात्र तेवढंच दिसे. रिश्तानच्या खालच्या आळीत ज्यांनी चाळीस वर्षं मिराब म्हणून पाणी वाटलं, कुणाच्या बागेत पाटाचं पाणी किती वेळ जायचं हे ज्यांच्या शब्दावर ठरलं, ते मुतल्लिब अका दाराची कडी वाजली की भिंतीकडे तोंड फिरवून झोपेचं सोंग घ्यायचे. खोटं बोलायचं नाही असा माझा नेम. मग मी आत डोकावून यायचे आणि पाहुण्यांना सांगायचे, "डोळे मिटून पडलेत हो." एवढं खरं असायचं. पाहुणे नान आणि वाळलेले जर्दाळू ठेवून परत जायचे. पुढे पुढे तेही यायचे थांबले.

वसंतात डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. जाताना मला दाराशी घेऊन म्हणाल्या, "आपा, औषधानं व्हायचं ते झालं. आता यांना माणसांत आणा. रोज चालले, चार जणांशी बोलले तर पाय सुधारेल. हा उन्हाळा पण खोलीत काढला, तर पाय गेला म्हणून समजा."

आमच्या अंगणात तापचान नव्हतं असं नाही. तापचानाशिवाय घर कसलं? उन्हाळाभर जेवण, झोप, भांडण, सगळं त्या लाकडी ओट्यावरच. पण आमचं होतं ते सासऱ्यांच्या वेळचं, कमरेएवढं उंच. त्यावर चढायचं तर यांना दोघांनी दोन्हीकडून उचलायला हवं. मी एकदा विषय काढून बघितला.

"मला पिठाच्या पोत्यासारखं उचलून मांडून ठेवायचं नाही," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

तेव्हा मी ठरवलं की नवं करायचं. गुडघ्याच्याही खाली, रुंद, दोन पसरट पायऱ्यांचं, उजव्या हाताला कठडा. आणि ते घालायचं अंगणातून जाणाऱ्या पाटावर, द्राक्षीच्या मांडवाखाली, म्हणजे खालून पाण्याचा गारवा येईल आणि यांना पाण्याचा आवाज. त्याच दिवशी मी चाळीस दिवसांचा नेमही धरला. रोज सकाळच्या नमाजानंतर यासीनची सूरा मोठ्याने म्हणायची, आणि एकदा सुरू केली की संपेपर्यंत मध्ये एक शब्द बोलायचा नाही.

मुलगा ताश्कंदला असतो. तो फोनवर म्हणाला, "ओयी, तू कशाला त्रास घेतेस? जुलैत येतो, तयार लोखंडी आणून टाकू."

जुलैत लोखंडी तापचानावर अंडं घाला, तळून निघेल. मी सुनेकडे बघितलं. मुअत्तर आमची अंगाने काडी, पण जिभेला धार. ती म्हणाली, "ओयी, आपण दोघी जाऊ. लाकूड म्हणजे काय, खरबूज घेण्यासारखंच. वाजवून बघायचं, हुंगून बघायचं आणि विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही."

इसरोइल उस्ता माप घ्यायला आले. सुतार फार गुणी, पण बोलायचं म्हणजे त्यांना मजुरी वाढवून द्यावी लागते की काय असं वाटावं. पाटाच्या दोन्ही काठांना दोऱ्या ताणल्या, काठीने मोजलं आणि एकेक वस्तू सांगितली. मुअत्तरने ती मुलाच्या जुन्या वहीत उतरवली. खाली चार तुळया, वर सव्वीस फळ्या, सोळा लांब बोल्ट नट-वायसरसकट, दोन किलो स्क्रू. "खिळे नकोत. खिळा वर येतो, गाद्या फाडतो." कठड्याला लोखंडी कोन, आणि जवसाचं तेल एक डबा.

"आणि पाय?" मी विचारलं.

"बघू."

इतक्यात आतून आवाज आला. "अगं ए, नोदिराच्या आई! पाय कशाचे घालताय?"

नोदिरा आमची थोरली लेक. मी खिडकीशी गेले. हे भिंतीकडेच तोंड करून पडले होते.

"तुम्हीच सांगा."

"मला काय करायचंय? मी काही बसणार नाही त्याच्यावर." मग भिंतीकडे बघतच म्हणाले, "पॉपलर घ्याल तर दोन वर्षांत कुजेल. पाण्यात उभं राहायचं तर तुतीच. आणि तुळया करागाचच्या घ्या. करागाच वाकत नाही."

मी परत आले. जीव असा हलका झाला होता की उस्तांना चहाबरोबर मुरंबाही दिला.

तुतीचं खोड बाजारात मिळत नाही. तुती आमच्याकडे कुणी तोडत नाही, तिच्या पानांवर रेशमाचे किडे पोसतात. पडलं झाड तर मिळेल. आणि पडलं होतं ते तोजिनिसा खालाच्या परसात, गेल्या वादळात. या खालांचं असं आहे की आळीत कुणी गेलं की पहिला हंबरडा त्यांचा. माणूस कितीही कोरडा असो, खाला त्याच्यावर असं काही रडतात की ऐकणाऱ्याला आपणही मरून बघावं असं वाटतं. आम्ही खोड मागितलं तर त्या तुतीजवळ बसल्या, तिच्यावरून हात फिरवला आणि तिथेच डोळ्यांना रुमाल लावला.

"माझ्या नवऱ्याने लावली होती गं. ने, ने. पैसे बिसे काढलेस तर बोलणार नाही तुझ्याशी. एवढंच कर, तापचान झालं की पहिला पियाला मला दे."

"दिला."

"आणि मुतल्लिब कसा आहे?"

"डोळे मिटून पडलेत," मी म्हणाले, कारण निघताना तसंच होतं.

खाला माझ्याकडे बघत राहिल्या. "अजून तसाच?" म्हणाल्या आणि पुन्हा डोळे पुसले.

कोकंदच्या लाकूडबाजारात आम्ही गुरुवारी गेलो, दमास गाडीत गुडघे पोटाशी घेऊन. सकाळची वेळ, फळ्यांच्या भिंतीच्या भिंती उभ्या, हवेत राळेचा वास, आणि बायका म्हणाल तर आम्ही दोघीच. पहिल्याच दुकानात काजिम नावाचा लाल गालांचा माणूस उठून उभा राहिला.

"या आपा, या! भवानीचं गिऱ्हाईक तुम्ही! खुदाची शपथ, सैबेरियातून कालच उतरलंय, पाइन कसलं, लोणी आहे. माझ्या लेकरांची शपथ, असं लाकूड..."

"लेकरांची शपथ घेऊ नका भाऊ," मी म्हणाले. "लाकूड दाखवा."

बाजूला उकिडवा बसलेला पांढऱ्या दाढीचा दलाल खुदकन हसला. "काजिम, आता तू काय बोलणार? तुझं निम्मं दुकान शपथांचं आहे."

"किती आणलेत आपा?" काजिमने विचारलं.

मी खरं ते सांगितलं. एवढे सोम आहेत, त्यातून बोल्ट आणि तेल घ्यायचंय, उरतील ते तुमचे. मुअत्तरने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो आठवडाभर निळा होता.

"तीस वर्षं या बाजारात बसतोय," दलाल म्हणाला, "गिऱ्हाईकाने आधी थैली उलटी करून दाखवलेली आज बघतोय."

काजिम गोंधळला. भाव वाढवून सांगावा तर ऐकणारी सगळं आधीच देऊन बसलेली. त्याने फळ्या मोजायला घेतल्या. मुअत्तर मात्र ढिगाजवळ गेली, वरची फळी सरकवली, दुसरी सरकवली, आणि तिसऱ्या थरावर चक्क गाल टेकवून उभी राहिली.

"सूनबाईंना झोप आली काय?"

"ओली आहे," मुअत्तर म्हणाली. "गालाला गार लागतंय. वरच्या दोन सुक्या, खाली सगळा पाऊस. अंगणात नेली की उन्हात पोळीसारखी फुगेल, अका."

"अगं, सावलीतली आहे म्हणून गार!"

"मग माझा गालही सावलीतलाच आहे."

दलाल इतका हसला की त्याची टोपी पडली. "काजिम, मागच्या शेडमधलं दे. या दोघींपुढे तुझं चालायचं नाही. एक खरं बोलते, दुसरी खोटं पकडते."

मागच्या शेडमधल्या फळ्या कोरड्या खडखडीत होत्या, बोटाने ठोकल्या की खणखणीत वाजत होत्या. सौदा पक्का करायचा म्हणजे आमच्या बाजारात दलाल दोघांचे हात एकमेकांत देतो आणि भाव जुळेपर्यंत गदागदा हलवतो. परक्या पुरुषाच्या हातात हात मी देणार नाही हे त्याला कळलं. त्याने कमरेचा रुमाल सोडला, एक टोक काजिमच्या मुठीत, दुसरं माझ्या मुठीत, आणि मधोमध धरून असा हलवायला लागला की माझी चादर डोक्यावरून घसरायला आली. "द्या बरकत! घ्या बरकत! अजून थोडं उतर काजिम, बाई नमाजी आहे, दुवा देईल! द्या बरकत!" काजिम उतरला. करागाचच्या चार तुळया त्याच भावात टाकल्या आणि वर म्हणाला, "ही सून कुठून आणलीत? मला धाकट्यासाठी हवी आहे अशी."

"हिच्यासारखी एकच केली अल्लाहने," मी म्हणाले. गाडीत बसल्यावर मुअत्तर खिडकीबाहेर बघत राहिली, पण कान लाल झाले होते.

लोखंडबाजारात बोल्ट जमिनीवर, ताडपत्रीवर. नवे झगमगीत एका बाजूला, जुन्या ट्रॅक्टरचे काळे दुसऱ्या बाजूला. विकणारा म्हातारा म्हणाला, "नवे घेऊ नको बाई, ते चीजसारखे मऊ. हे काळे घे. पण आटे प्रत्येकाचे निराळे. नट लावून बघून घे, मग माझ्याकडे परत येऊन रडायचं नाही." मग आम्ही दोघी तिथेच मातीत बसलो. एकेका बोल्टवर नट चढवायचा, फिरवायचा, अडला की दुसरा. प्रत्येक फेऱ्याला मी मनात सुभानल्लाह म्हणत गेले. सोळा बोल्ट जमेपर्यंत तसबीहचे किती फेरे झाले कोण जाणे. हात काळेकुट्ट झाले आणि इतकं बरं वाटत होतं की म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, लग्नघर आहे का?"

"तसंच समजा," मी म्हणाले. मग वाटलं, हे खरं झालं का? पण खोटंही नव्हतं.

शनिवारी सकाळी छोटा ट्रक लाकूड घेऊन आला, नमाज झाल्या झाल्या. आणि पहिलीच अडचण. फळ्या लांब, आमच्या दारातला बोळ वाकडा. एक कवाड उघडून फळी आत वळेना. उस्तांनी दोन्ही कवाडं सताड उघडली. तरीही एकदम सगळ्या न्यायला जागा नव्हती, म्हणून फाटकाबाहेर भिंतीलगत विटा मांडून त्यांवर फळ्या ओळीने आडव्या टाकल्या. रात्री पाऊस शिंपडला होता, गारठा होता, म्हणून उस्तांनी काळा लांब चापान अंगावर चढवलेला. कंबर धरली होती, म्हणून त्यावरून रुमाल घट्ट आवळून बांधलेला. हातात मापाची काठी, तोंडात मूठभर स्क्रू. तसे ते फाटकाशी उभे राहून फळ्या निरखू लागले. चुलीपाशी मुअत्तर कामकऱ्यांच्या पुलावाला तीन किलो कांदा चिरत होती आणि तिचे डोळे लालभडक. मला ट्रकपायी यासीनला उशीर झालेला. मी ओसरीवर बसले आणि मोठ्याने सुरू केली.

आता आमच्या आळीतला कुठलाही माणूस हे सगळं एकत्र बघेल तर काय समजेल? फाटकाची दोन्ही कवाडं उघडतात ती लग्नाला नाही तर मयताला. मयताच्या घरी बाहेर भिंतीलगत बाकं मांडतात, आणि घरातला पुरुष काळा चापान घालून, कंबर बांधून, हातात काठी घेऊन दारात उभा राहतो. आतून यासीन. सून रडलेली. आणि घरात सात महिन्यांचा आजारी. पण हे मला त्या वेळी कसं सुचावं? मी लाकडाच्या आनंदात होते.

पहिला आला हाइतबोय. यांचा लहानपणापासूनचा सोबती, आळीच्या टोकाला खरबुजं पिकवतो. सायकलवरून चालला होता. मुअत्तर नंतर सांगायची की सायकल आधी पडली, मग तो. त्याने उस्तांना विचारलं, "कधी?" उस्तांच्या तोंडात स्क्रू. त्यांना वाटलं, लाकडाचं विचारतोय. त्यांनी काठीने उगवतीकडे दाखवलं, म्हणजे सकाळीच.

"वाय माझ्या अका!" हाइतबोयने जो हंबरडा फोडला तो तीन गल्ल्या गेला.

मी सूरेच्या मध्यावर. ऐकलं. आळीत कोण गेलं असावं? पण मध्ये बोलायचं नाही. वाचत राहिले. तेवढ्यात तोजिनिसा खालांचा आवाज, आणि त्यांच्यामागे आणखी पाच-सहा बायकांचा. म्हणजे जवळचंच कुणीतरी. माझेही डोळे भरून आले. त्या अनोळखी मयतासाठी मनात दुवा मागत मी सूरा पूर्ण केली, तोंडावरून हात फिरवले आणि उठले, तर खालांनी मला मिठीच मारली. मग बाकीच्यांनी. मी प्रत्येकीच्या गळ्यात पडून रडले. कोण गेलं हे विचारायला कुणी तोंड मोकळं सोडेना. बाहेर फळ्यांवर पुरुष ओळीने बसलेले, तळवे वर. कुणीतरी आमच्या मोठ्या कढईखाली जाळही घातला, कारण मयताच्या घरी शेजाऱ्यांनीच रांधायचं असतं. मुअत्तर पळी घेऊन मधोमध उभी, एकदा बायकांकडे बघते, एकदा पुरुषांकडे. नान तर इतके आले की ओसरी भरली.

खाला रडत होत्या, "पाण्याच्या धन्या रे! गरिबाच्या वाफ्याला आधी पाणी देणाऱ्या रे! आता कोण विचारेल, तोजिनिसा तुझी मिरची सुकली का म्हणून!"

माझं रडं तिथे थांबलं. मिरचीला पाणी आमचे हेच द्यायचे.

मी काही बोलणार तोच हाइतबोय ओसरीच्या पायरीशी येऊन गुडघ्यांवर बसला. छाती पिटत, सगळ्यांपुढे. मयताकडे शेवटची माफी मागायची रीत आहे ना, ती त्याने सुरू केली.

"मुतल्लिब अका, जायच्या आधी मला माफ करा! दुष्काळाच्या साली मी तुमचा बांध फोडला. रात्री. माझ्या खरबुजांना पाणी घेतलं. तुम्ही सकाळी विचारलंत, तर मी म्हणालो उंदरांनी फोडला असेल. एकदाच केलं अका, एकदाच! माफ करा!"

"तीनदा," आतून आवाज आला.

छाती पिटणारा हाइतबोयचा हात वरच्या वर राहिला. कढईखालच्या काटक्या तेवढ्या तडतडत होत्या.

"तीनदा फोडलास. आणि उंदीर कधी फावडं वापरत नाही, हाइतबोय."

दार उघडलं. हे उभे होते. अंगात झोपायचा सदरा, उजव्या हाताने चौकट धरलेली, डावा पाय मागे. कुणी उठवलं नव्हतं, कुणी धरलं नव्हतं. खाटेपासून दारापर्यंत एकटे आले होते.

हाइतबोय तसाच गुडघ्यांवर. "अका... तुम्ही... नाही का गेलात?"

"तुला पाणी चोरायला मोकळीक व्हावी म्हणून जाऊ?"

कुणीतरी हसलं, फळ्यांवरून. मग दुसरं. आणि मग सगळं अंगणच हसायला लागलं, रडता रडता हसतात तसं, नाक पुसत. त्याच वेळी मी यांच्याकडे बघितलं. आत्तापर्यंत रागाच्या भरात त्यांना भान नव्हतं. आता आलं. चाळीस-पन्नास माणसं समोर, सगळ्यांचे डोळे त्यांच्या तोंडावर. त्यांचा हात हळूच चौकटीवरून सुटला आणि तोंड झाकायला वर जायला लागला. एक पाऊल मागेही गेलं. आता हे आत गेले तर पुन्हा बाहेर यायचे नाहीत, हे मला अगदी स्वच्छ कळत होतं. मी मनात म्हणाले, या खुदा, आता तूच.

तोजिनिसा खाला कमरेवर हात ठेवून पुढे झाल्या. चेहरा अजून आसवांनी ओला.

"मुतल्लिब! मेल्या! घसा फुटेस्तोवर रडले तुझ्यावर, त्याचं काय? असं रडणं मला वर्षात एकदा जमतं. फुकट गेलं सगळं! आता खरा मरशील तेव्हा मी काय रडू?"

"तेव्हा मिरचीला पाणी मिळणार नाही, आपोआप रडू येईल," हे म्हणाले, आणि हसले.

तोंड वाकडं झालं. सगळ्यांनी बघितलं. आणि काही झालं नाही. खालांनी आपला ओला रुमाल त्यांच्या छातीवर फेकून मारला, हाइतबोय उठून त्यांच्या गळ्यात पडला, आणि दोघेही पडले असते जर उस्तांनी काठी आडवी घातली नसती.

आता लोक जमलेच होते, बाह्या वर झाल्या होत्या, कढई तापली होती. असं जमलेलं माणूस आमच्याकडे हात हलवत परत जात नाही. मयताला नाही तर हशारला, काम वाटून घ्यायला. कुणी घरून करवत आणली, कुणी गिरमिट, कुणी रंधा. उस्तांनी तोंडातले स्क्रू हातावर काढले आणि आम्ही कधी ऐकलं नव्हतं एवढं मोठं वाक्य बोलले, "एकेकाने या, सगळे एकदम माझ्या फळ्यांवर बसू नका."

हे ओसरीच्या पायरीवर बसले, पाठीला उशी. तिथून सगळ्यांना कामाला लावलं. "तुतीचा बुंधा खाली, शेंडा वर, उलटं घालू नका, पाणी ओढेल." "हाइतबोय, ते बोल्ट उलट्या बाजूने, नट पाण्याकडे आला तर गंजेल. बांध फोडताना तुझं डोकं बरं चालत होतं." हाइतबोय दिवसभर असा राबला की त्याचे तीन बांध फिटले असावेत. करागाचच्या तुळया टाकल्या, तर काळ्या बोल्टांतला एकही अडला नाही. अडेल कसा, एकेक फिरवून घेतलेला. फळी आणि फळीमध्ये उस्तांनी बोटभर फट सोडली. मी म्हणाले, "अहो उस्ता, अंतर राहिलं." ते म्हणाले, "लाकूड श्वास घेतं." तेवढ्यावर संपलं. मुअत्तरने प्रत्येक फळी लावायच्या आधी गाल टेकवून बघितली, आणि एक परत पाठवलीच. ती पायरीच्या आतल्या बाजूला गेली, तिथे ऊन येत नाही.

दुपार कलल्यावर, असरच्या नमाजाच्या सुमारास तापचान उभं राहिलं. पाण्यापासून हातभर उंच, दोन पसरट पायऱ्या, उजव्या हाताला कठडा, जवसाच्या तेलाने सगळं मधासारखं पिवळं. बायकांनी गाद्या आणून अंथरल्या, मधे दस्तरखान. आणि मग कुणी कुणाला सांगितलं नाही, पण सगळे एकदम कुठेतरी दुसरीकडे बघायला लागले. कुणी चुलीकडे, कुणी द्राक्षीकडे, कुणी आभाळाकडे.

हे उठले. एका हाताने भिंत धरून निघाले. भिंत संपली. पाटापर्यंत आठ-नऊ पावलं असतील. मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते, म्हणजे खरं तर मला स्वतःला धरून ठेवायचं होतं, धावत जाऊ नये म्हणून. डावा पाय ओढत होता, फरशीवर सरकन वाजत होता. थांबले. पुन्हा निघाले. कठड्याला हात लागला. पहिली पायरी. दुसरी. आणि बसले.

"काय सगळे आभाळात बघताय?" ते म्हणाले. "विमान आलंय का?"

पहिला पियाला मी खालांना दिला, ठरल्याप्रमाणे. दुसरा यांना. मयतासाठी आलेले नान, हशारचा पुलाव, कुणीतरी पळत जाऊन आणलेली तुतीची परडी, सगळं एकाच दस्तरखानावर. हाइतबोय यांच्या शेजारी बसून त्या तीन रात्रींतल्या एकेकीची गोष्ट सांगत होता, आणि प्रत्येक वेळी हे म्हणत होते, "माहीत आहे. पुढे?" हसू आलं की डाव्या ओठातून चहा गळायचा. मी रुमाल पुढे केला.

"राहू दे गं," त्यांनी माझा हात बाजूला केला. फटीतून थेंब खाली पाण्यात पडताना वाकून बघितला. "उस्ताने जागा करूनच ठेवलीय. मुअत्तर, अजून एक चायनिक चहा आण पोरी, आणि हाइतबोयला लहान पियाला दे. हा चोरून जास्त घेतो."